दोन माणसांची मोटार

माझे भाऊजी रागावले की समोरच्या माणसाला 'तुम्ही' म्हणायला लागत. एरवी सगळ्यांना अरे-तुरे. तहसील कचेरीतल्या चपराशापासून गावच्या पाटलापर्यंत, आणि अर्थात मलाही. पण "तुमी बसा ना, साहेब" असं त्यांच्या तोंडून ऐकू आलं की समजावं, आता या साहेबांची धडगत नाही. ताई म्हणायची, "मले लग्नापासून एकदाच 'तुमी' म्हणाले. मी त्या दिवशी सरळ माहेरची वाट धरली होती."

भाऊजी आलापल्लीच्या सरकारी दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर होते. लोक त्यांना ढोरडाक्टर म्हणत. या नावाचा त्यांना कधी राग आला नाही. "ढोराचाच हाय मी, माणसाचा असतो तं कवाच येडा झालो असतो," म्हणत. मी तेव्हा चांद्याला शाळेत चित्रकला शिकवत होतो. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. भाऊजी लस न्यायला आले की माझ्या खोलीवर उतरत, त्यामुळे त्यांच्या रागाचा सगळा इतिहास मला जवळून पाहायला मिळाला. तो राग जास्त होता असं तेव्हा मला वाटे. आता वाटतं, कमीच होता.

त्या काळी उन्हाळ्यात आमच्याकडे बुळकांडी येई. गुरांचे डोळे गळू लागत, तोंडात फोड येत, मग हगवण, आणि आठवड्याच्या आत गोठा रिकामा. धानाच्या मुलखात चिखलणीला हल्या, म्हणजे रेडा, लागतो, बैल लागतो. ते गेले की माणसानं नांगराला काय स्वतःला जुंपायचं? रोगावर लस निघाली होती. ती चांद्यापर्यंत येतही होती. पण ती बर्फात ठेवावी लागे, आणि बर्फ वितळला की लस संपली. चांद्याहून आलापल्ली म्हणजे वैशाखातला धुळीचा रस्ता, मधे वैनगंगेचं वाळूचं पात्र. एक मोटारबस जायची, ती वाटेल तिथे थांबत, वाटेल तेव्हा पोचायची. खात्याला एक जीप होती. ती मोठ्या साहेबांकडे असे आणि सकाळी त्यांच्या घरची भाजी आणायला, संध्याकाळी त्यांच्या मुलांना तलावावर न्यायला जाई. भाऊजींनी जीप मागितली की उत्तर येई, जीप दौऱ्यावर आहे.

एका वैशाखात बसच्या कंडक्टरनं बर्फाची पेटी टपावर चढवली. खाली पाणी गळून लोकांचे कपडे भिजतात म्हणे. भाऊजी भांडले, पण गाडी भरली होती आणि सगळी गाडी त्यांच्यावरच ओरडली. आलापल्लीला पेटी उघडली तर आत कोमट पाणी, त्यात लसीच्या बाटल्या तरंगत होत्या. पुढच्या आठवड्यात जंगलाकडेच्या दोन गावांत गुरं पुरायला माणसं कमी पडली. भाऊजी स्वतः कुदळ घेऊन खड्डे खणत होते. परत आले ते ओसरीवर बसले, हात धुतले नाहीत, जेवले नाहीत. मी सुट्टीत तिथेच होतो. मला म्हणाले, "वसंता, हे बिमारीनं नाई मेले. लस होती. सरकारपाशी गाडी बी होती. हे आपण मारले."

मग ताईकडे वळून म्हणाले, "मी मोटार घेतो."

नागपूरला घरासाठी जागा घ्यायची म्हणून दोघांनी वर्षानुवर्षं पैसे साठवले होते. त्यातून नवी मोटार येणं शक्यच नव्हतं, जुनीसुद्धा जेमतेम. मला वाटलं ताई आता कडाडेल. ती कडाडली, पण खात्यावर. "जीपमदी भाजी फिरते आन लस बसच्या टपावर! घ्या मोटार. जागा कुठी पळून नाई चालली."

पुढचे दोन महिने आम्ही मोटार शोधत चांदा पालथा घातला. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, आणि मालगुजारांच्या वाड्यांतून मोठमोठ्या मोटारी विकायला निघाल्या होत्या. दलाल आम्हाला त्याच दाखवी. "साहेब, पाहा तर. आठ माणसं बसतात, शिकारीचं सामान वेगळं." भाऊजी गाडीभोवती फिरत, वाकून खालून पाहत, गाडी दाबून कमानपाट्यांचा अंदाज घेत. "वाळूत फसली तं हिले काढाले गाव बोलवा लागन," ते म्हणाले. "पेट्रोल पिणार हत्तीसारखं. मले आठ माणसं नाई न्यायची. एक पेटी न्यायची हाय, आन लवकर न्यायची हाय."

दुसरी गाडी बेताची होती, रंग ताजा, चालायलाही गुळगुळीत. इतकी गुळगुळीत की भाऊजींना संशय आला. त्यांनी पिशवीतून जनावरं तपासायची नळी काढली, कानाला लावली आणि गिअरबॉक्सवर टेकवली. दलाल हसायला लागला. भाऊजींनी मिस्त्रीला गिअरबॉक्सचं तेल सोडायला सांगितलं. तेलाबरोबर लाकडाच्या भुशाचा लगदा बाहेर पडला. झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबायला भुसा भरतात, हे मला तेव्हा कळलं. भाऊजींनी चिमूटभर भुसा बोटांत चोळला, वास घेतला, आणि अगदी शांतपणे दलालाला म्हणाले, "तुमी बसा, शेठ. हा सागाचा हाय. आमच्या आलापल्लीचा साग तुमी या भंगारात घातला? फसवाचंच होतं तं आडजातीचं लाकूड भेटलं नाई तुमाले?" तो दलाल पुन्हा आमच्या वाटेला आला नाही.

तिसरी गाडी एका कोळशाच्या खाणीवर सापडली. खाणीचा गोरा मॅनेजर विलायतेला परत जाताना ती मागे सोडून गेला होता आणि विकायचं काम तिथल्या भांडारबाबूवर टाकून गेला होता. बुटकी, उघडी, दोन माणसांची, शर्यतीत पळवतात तसली मोटार. मोहरीच्या फुलाचा रंग, तोही कोळशाच्या धुळीनं मळलेला. भांडारबाबू कंटाळला होता. "कोणी घेऊनच नाई राह्यलं, साहेब. जो येते तो म्हणते, बायको बसवली तं पोरं कुठी बसवू? पोरं बसवली तं बायको घरी राहीन काय?" म्हणूनच ती स्वस्त होती.

भाऊजींनी ती घाईनं घेतली नाही. तेल सोडून पाहिलं. इंजिन थंड असताना चालू करून पाहिलं आणि तापल्यावर पुन्हा पाहिलं. हे टायर चांद्यात मिळतात का, ते चार दुकानांत विचारून आले. चौघांना बोलावून गाडी उचलायला लावली आणि ती उचलली गेली तेव्हा प्रथमच हसले. एकच खोड होती, पोट फार खाली. आमच्या रस्त्यावरचे धोंडे तिनं पहिल्याच दिवशी पोटात घेतले असते. चांद्याच्या मिस्त्रीनं कमानपाटे वाढवून गाडी वर उचलली आणि खाली जाड पत्रा ठोकला. आता ती जरा विचित्र दिसायला लागली, नेसूचं वर खोचून पाण्यात उतरलेल्या बाईसारखी. मी तसं म्हणालो तर भाऊजी म्हणाले, "बराबर. कामाची बाई हाय."

पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या फेरीला पेटी मांडीवर धरून मी बसलो होतो. गोणपाट, त्यात भुसा, त्यात पेटी, पेटीत बर्फ, बर्फात लस. भाऊजींनी पहाटे चांदा सोडला आणि गाडी अशी सोडली की मला देव आठवले. रस्त्यात मोर उडाले, गाडीवान ओरडले, माझी टोपी कुठेतरी गेली. वैनगंगेच्या वाळूवर बांबूचे तट्टे अंथरलेले असत, त्यांवरून घसरून मागचं चाक रुतलं. नावाडी धावून आले आणि त्यांनी गाडी मागून सरळ उचलून तट्ट्यावर ठेवली. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "डाक्टरसाब, हे मोटार हाय का पाळणा?" दुपारची जेवणं व्हायच्या आधी आम्ही आलापल्लीच्याही पुढच्या एका गावात होतो. पेटी उघडली. बर्फ होता. भाऊजींनी त्यातला एक खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि बाह्या सारून कामाला लागले.

त्या उन्हाळ्यात बुळकांडी आली, पण जिथे ती मोटार पोचली तिथल्या गोठ्यांत ती शिरली नाही. हे सांगताना मला आजही बरं वाटतं. पुढचं सांगावंसं वाटत नाही.

लाकडाच्या एका ठेकेदारानं ओढाईसाठी नदीपलीकडून बैलांचा मोठा कळप आणला. त्यातल्या काहींचे डोळे गळत होते. भाऊजींनी कळप नदीकाठीच अडवला. ठेकेदार दवाखान्यात आला, मोटारीकडे पाहत म्हणाला, "डाक्टरसाब, टायर जुने झाले वाटते. नवे पाठवून देतो." भाऊजी म्हणाले, "तुमी बसा, शेठ. च्या घ्या. बैल मातर तिथंच उभे राह्यतीन."

महिन्याभरात निनावी तक्रार वर गेली. ढोरडाक्टर ठेकेदारांकडून पैसे खातो, विलायती मोटार उडवतो. चौकशीला मोठे साहेब स्वतः आले, त्याच जीपमधून. वाळूत रुतत, ढकलून घेत आले. भाऊजींनी पैशाचा हिशेब पुढे ठेवला, तो साहेबांनी पाहिला न पाहिल्यासारखा केला. त्यांना पैशापेक्षा मोटारच खुपत होती.

"कुटुंबवत्सल सरकारी नोकराला दोन माणसांची गाडी कशाला? ही तर मौजेची गाडी."

"साहेब, तुमच्या जीपमदी किती माणसं बसतात?"

"सहा. का?"

"आज किती बसून आले?"

साहेब आणि ड्रायव्हर, दोघंच आले होते.

"आन लस किती आणली तुमी?"

भाऊजींवर काही शाबीत झालं नाही. पण हुकूम आला: सदर मोटार पदास अशोभनीय असल्याने पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने ती शासकीय कामासाठी वापरू नये. त्याने पूर्ववत बसनेच प्रवास करावा. अशोभनीय! टपावर शिजलेली लस शोभते, खड्ड्यात पडलेले हल्ये शोभतात, आणि वेळेवर पोचणारी मोटार शोभत नाही. तो कागद लिहिणाऱ्या हाताला एकदा तरी कुदळ धरायला लावायला हवी होती.

भाऊजी हुकूम हातात घेऊन ओसरीवर बसले. ताईनं हुकूम वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "यात अधिकाऱ्यानं वापरू नये असं हाय. मी कुठं अधिकारी हाय? काऊन बसले असे? मले शिकवा."

लाकूड डेपोच्या मोकळ्या मैदानात त्यांनी तिला मोटार शिकवली. पहिल्या दिवशी तिनं ओंडक्यांच्या ढिगाला धडक दिली, बॉनेट चेपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. आणि पुढच्या वैशाखात चांद्याच्या बाजारपेठेतून नऊवारी नेसलेली, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेली माझी बहीण ती मोहरी रंगाची मोटार घेऊन निघाली, शेजारी दवाखान्याचा कंपाउंडर पेटी मांडीवर धरून, डोळे मिटून. भाऊजी तिकडे सायकलनं गावाला जाऊन तिची वाट पाहत. नवरा सायकलवर, बायको मोटारीत! बाजारातले लोक दुकानाबाहेर येऊन हसले. हसणाऱ्यांत शिकलेले होते, वकील होते, आमच्या शाळेचे हेडमास्तर होते. गुरं वाचली याची चौकशी त्यांतल्या एकानंही केली नाही. तो उन्हाळाही निभावला. ताईनं एकदाही बर्फ वितळू दिला नाही.

मग बदली आली. नागपूरला, मोठ्या कचेरीत, जिथे जनावर म्हणून एक मांजरसुद्धा फिरकत नव्हतं. ज्या माणसाच्या हाताखाली रानगट हल्या शांत उभा राही, त्याला खात्यानं टाचण्या आणि फितींत बसवलं. नागपूरच्या भाड्याच्या घरात मोटार ठेवायला जागा नव्हती. ती चांद्याच्या एका धनिकाच्या मुलानं घेतली. वरातीपुढे फिरवायला. त्याला कोणी विचारलं नाही, पैसे कुठून आले. भाऊजी त्या कचेरीतच काही वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेले. खात्यानं शोकसभा घेतली म्हणतात. मी गेलो नाही.

बदलीवर आलापल्ली सोडायच्या दिवशी मी सामान बांधायला तिथे गेलो होतो. बैलगाड्या लागल्या होत्या. गावोगावची माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती, हार-तुरे नव्हते, कोणी भाषण केलं नाही. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. सोनाबाई तिचं नाव. तिच्या दोन गाई भाऊजींनी वाचवल्या होत्या. मला वाटलं ती पाया पडेल. तिनं काठी भाऊजींच्या छातीपाशी रोखली.

"कुठी चालला रे? कोणाले इचारलं? आता ढोरं पडले तं मी कोणाले बोलवू? तुयी बायको मोटार घेऊन येत होती, आता कोण येईन? असं मधातच सोडून जाते का कोणी?"

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. हुकूम होता, ठेकेदार होता, जीप होती, साहेब होते. त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. मान खाली घातली, दोन्ही हात जोडले.

"माझं चुकलं, बाई," ते म्हणाले.

ज्यांनी हे म्हणायला हवं होतं, त्यांनी ते जन्मात कोणापुढे म्हटलं नाही.