चाकापुढची घागर

भूत, भानामती, करणी... असलं काही ऐकलं की मी सरळ उठून जातो. परळीत माझा फोटो स्टुडिओ आहे, रेल्वेगाड्यांचे फोटो हा नाद. मयताच्या घरी एकटा बसून शेवटचे फोटो काढलेत, कधी अंगावर काटा आला नाही. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर हसा. मला मात्र हसू येत नाही, चीड येते!

आमचे वडील, आण्णा, वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. दुष्काळाच्या त्या वर्षी त्यांची नजर झपाट्याने जात होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. तेवढ्यात बातमी आली – जुनं वाफेचं इंजिन लावलेली एक खास गाडी आमच्या लाइनवरून जाणार आणि घाटनांदूरला पाणी भरायला थांबणार. आण्णा म्हणाले, "मला त्याची चाकं दाव. मोठा फोटो काढ. दिसतंय तवर बघून घेतो."

प्लॅटफॉर्म संपतो तिथल्या मोकळ्या जागेत मी सकाळीच जागा धरली. इंजिनाचं पाणी दूध संघाच्या टँकरने आणलं होतं. दूधच आटलं, म्हणून टँकर पाण्याला लावलेला. आता टँकर म्हटल्यावर गाव थोडंच घरी बसतंय? बायांनी घागरींची रांग लावली. आमच्याकडे घागर ठेवली की नंबर लागला. दुसऱ्याच्या घागरीला कुणी हात लावत नाही. इंजिन भरून उरलं तर देऊ, असं टँकरवाला म्हणाला.

इंजिन आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू! कॅमेरा लावला तर रांगेच्या तोंडाशी एक तांब्याची घागर, नेमकी मोठ्या चाकापुढे. इकडेतिकडे पाहिलं आणि उचलून लिंबाच्या झाडामागे ठेवली. फोटो काढला, स्क्रीनवर पाहिला... घागर जागेवर! मान वर केली – समोर नुसती खडी. पुन्हा काढला. पुन्हा घागर.

रांगेतल्या पहिल्या बाईला विचारलं, "मावशी, ती तांब्याची घागर कुणाची?"

"कुठली घागर? रांग माझ्यापासून सुरू हाय, भाऊ. पुढं कुणीच न्हाई. कावून?"

झाडामागे जाऊन पाहिलं. तिथेही काही नव्हतं.

अख्खा टँकर इंजिनानेच पिऊन टाकला. बाया शिव्या घालत रिकाम्या घागरी उचलू लागल्या, शिट्टी झाली, गाडी हलली. मी कडेकडेने पळत, धापा टाकत फोटो घेत राहिलो. पार सिग्नलपर्यंतचे घेतले... प्रत्येकात ती घागर, चाक झाकून. चाक धावतंय आणि ही ढिम्म!

घरी येऊन कॉम्प्युटरवर पुसली. स्क्रीनवरून गेली, प्रिंट काढली की हजर. कागद बदलला, प्रिंटर बदलला, शेवटी अंबाजोगाईच्या लॅबमधून प्रिंट काढून आणली. लॅबवाला म्हणतो, "घागर लई झकास आलीय बरं का!" तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी तोच फोटो आण्णांपुढे धरला. त्यांनी कागद पार नाकाशी नेला.

"रिकामी हाय का रे ही?"

"काय माहीत, आण्णा. चाक तिच्या मागं हाय. मी परत एकदा पुसून बघतो..."

"दुष्काळात इंजिनात पाणी घेतलं, की रांगेतली पहिली घागर भरल्याबिगर आमी शिट्टी देत नव्हतो. ह्यांनी न भरताच दिली?"

"दिली."

"मंग ऱ्हाऊ दे चाक. नंबर तिचा हाय." फोटो त्यांनी माझ्या हातात परत दिला.

पावसाळ्याआधीच त्यांची नजर पूर्ण गेली. घागर कुणाची, फोटोत कशी आली, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. एक माहीतगार म्हणाले, लेन्सचा दोष... अहो, त्याच लेन्सने मी नंतर कितीतरी लग्नं काढली! इतक्या गाड्यांचे फोटो काढले आयुष्यात, पण माझ्या बापाला एक चाक दाखवता आलं नाही.