ओरेस्टचे कान

ओरेस्ट वासिलिकच्या बायकोची तक्रार होती, की तिची हाक नवऱ्याला ऐकू जात नाही. पण पाइपातून डुक्कर गेलेलं मात्र लगेच कळतं. डुक्कर म्हणजे गॅसच्या पाइपात सोडायचा रबरी बोळा. मागून गॅस त्याला ढकलतो आणि तो पाइपात साठलेलं पाणी, तेल पुढे लोटत नेतो. अल्बर्टातल्या त्या गावात डुक्कर म्हटल्यावर कुणी हसत नाही. निम्म्या गावाची चूल त्याच्यावर पेटते.

खरी गोम शेवटी असते. पुढचं पाणी संपलं, की मागे दाबून धरलेला गॅस मोकाट सुटतो आणि पाइपाच्या टोकाच्या गॅस प्लँटवर आदळतो. म्हणून डुक्कर जवळ आलं, की पाठवणाऱ्यानं मागचा वॉल्व्ह आवळायचा. पाठवायला क्लेम रुडनिक, उतरवून घ्यायला ओरेस्ट. ही जोडी दोघांच्या लग्नांपेक्षा जुनी. ओरेस्ट पाइपाला कान लावून वॉकीटॉकीवर सांगायचा आणि क्लेम आवळायचा. आपल्या हातून प्लँट कधी बंद पडला नाही, हे ओरेस्ट बारशाला आणि मयताला, न विचारता सांगत असे.

त्या शनिवारी संध्याकाळी दोघांच्या संघाचा कर्लिंगचा अंतिम सामना होता. बर्फावरून जड दगड घसरवत वर्तुळात नेऊन थांबवायचा, असा हा खेळ. ओरेस्ट कप्तान; कधी घासायचं ते त्यानंच पलीकडून ओरडून सांगायचं. दगडापुढचा बर्फ झाडूनं घासून त्याला पुढे न्यायचं काम क्लेमचं.

क्लेमनं सकाळी सोडलेलं डुक्कर यायची वेळ झाली, तसा दुपारी तीनला ओरेस्टनं पाइपाला कान लावला. "आलं रे, आवळ."

"आवळला, म्हाताऱ्या," क्लेम म्हणाला.

त्याच्या आवाजामागे टक्क असं वाजलं. दगडावर दगड आपटल्याचा हा आवाज ओरेस्टनं झोपेतही ओळखला असता. पण क्लेम तिकडे माळावर, वॉल्व्हपाशी. तिथे दगड कुठून येणार? त्यानं आपल्याच कानांना गप्प केलं.

डुक्कर तोफगोळ्यासारखं आलं आणि मागून सगळा गॅस. जादा गॅस जाळायच्या चिमणीची ज्वाळा आभाळाला भिडली, भोंगे ओरडले, यंत्रं धडाधड बंद पडली. फोरमन गार्थनं सगळ्यांना ऐकू जाईल असा वॉकीटॉकीवरच जाब विचारला. ओरेस्ट तोंड उघडणार, तोच क्लेम बोलला.

"त्यानं सांगितल्याबरोबर मी आवळला, गार्थ. त्यानंच उशिरा सांगितलं. बिचाऱ्याचे कान थकलेत आता."

गार्थनं ओरेस्टला सोमवारपासून फाटकावर बसायला सांगितलं.

संध्याकाळी खेळाच्या जागी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या विकणारी नादिया कौतुकानं म्हणाली, की क्लेम बारा वाजल्यापासून इथेच सराव करतोय, जेवायलासुद्धा गेला नाही. ओरेस्टनं मान हलवली. गार्थला फोन करता आला असता. पण त्यासाठी क्लेमचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि ते तोंडातून निघेना.

सामना बरोबरीत आला. शेवटचा दगड संघातल्या तिसऱ्यानं सोडला. कप्तान पलीकडच्या वर्तुळात उभा. वाकून धावत क्लेम विचारत होता, "घासू का? बोल की म्हाताऱ्या, घासू का?"

ओरेस्ट झाडूवर रेलला.

"काय म्हणतोस? माझे कान थकलेत रे."

क्लेमचा झाडू जागच्या जागी थांबला. दगड वर्तुळाच्या अलीकडेच निजला. कप गेला.

नादियानं नेहमीप्रमाणे पिरोगीची एकच थाळी आणि दोन काटे आणून ठेवले. ओरेस्टनं एक काटा तिला परत दिला आणि थाळी पुढे ओढली. त्यानं एकही करंजी मागे ठेवली नाही.