तळव्यातून घशापर्यंत

मंडळी, विश्वास ठेवायचा तरी कुणावर? डोळ्यांनी न दिसणाऱ्या अळीवर, की ती दिसली म्हणून नाचणाऱ्या डॉक्टरावर? रत्नागिरीच्या बाजारात माझं सुक्या मासळीचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून डॉक्टरांचा दवाखाना. हे किस्से मी गोळा केलेले नाहीत हो, सुकटीच्या वासासारखे अंगाला चिकटले!

डॉक्टरांना वेड एकच. जंताची अळी अंगात कुठून कुठे जाते त्याचा माग काढायचा. कुत्र्याच्या पिल्लाच्या पायाला अळ्या लावायच्या, नंतर ते पिल्लू कापून भिंगाखाली बघायचं. एके दिवशी आतून ओरडले, "सापडली! फुप्फुसात सापडली!"

बाहेर बसलेल्या म्हातारीने मला विचारलं, "कुणाची हरवली होती रे?"

*

आमच्या मास्तरांना डॉक्टर समजावत होते, "अळी तळव्यातून शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून चढून घशात, आणि मग गिळली की पोटात."

मास्तर म्हणाले, "पोटातच जायचं तर सरळ तोंडातून जावं! इथल्या राजिवड्याहून बाजारात यायला लांबच्या हातखंब्याचा वळसा कशाला?"

"ते अळीला विचारा!" डॉक्टर कडाडले. त्या दिवशी पेशंटांनाही औषध जरा कडूच मिळालं.

*

माझ्या आगरातल्या भिकू गड्याला डॉक्टरांनी बजावलं, "पावसात वहाणांशिवाय जायचं नाही." संध्याकाळी भिकू परतला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, वहाणा मात्र कोरड्या ठणठणीत!

"अरे, होत्या कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"डोक्यावर, इरल्याखाली! वहाणांबिगर जायचा नाय, तुमीच बोल्लात ना? मग चामडा भिजवू कसा?"

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. डॉक्टरांनी तर खरंच बडवलं.

*

हसलो असतो, पण तोवर दुखणं माझ्याच घरात शिरलं होतं. माझी बायको यमुना पांढरीफटक पडली. घागर उचलली की धाप लागायची. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे असंच चाललं तर हातची जाईल."

ही बाई रोज पोफळींना पाणी लावायला ओल्या आगरात अनवाणी! का, तर आगराचा राखणदार देव कोपेल.

मी वैतागून म्हटलं, "त्याला मी नारळ देतो, तू वहाणा घाल!"

"नारळ घेऊन डोळे मिटायला तो काय तुमचा जकातवाला आहे?"

बोला आता!

*

शेवटी डॉक्टर घरी आले, जंतांवरच्या उग्र तेलाचा डोस घेऊन. यमुनेने पेला बाजूला सारला. "आधी सांगा, आत शिरली कशी?"

कुणीतरी आपणहून विचारलं म्हणून डॉक्टर हरखले. तळवा, रक्त, फुप्फुस, घसा, सगळी वाट बोटाने दाखवली.

"घशाशी आल्यावर थुंकून टाकली तर?"

"तर सुटका! पण कळत नाही ना. माणूस गिळून टाकतो."

"माणूस नाही, बाईमाणूस म्हणा," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "घशाशी आलेलं गिळायची सवय आम्हाला." आणि तेल एका घोटात संपवलं.

डॉक्टर मला म्हणाले, "उद्या किती जंत पडले ते मोजून कळवा."

पदराने तोंड पुसत यमुना म्हणाली, "मोजा हो. पण हा हिशेब तरी खरा ठेवा!"