दिव्यानंतरचे नाव

सगुणाने तीस वर्षे वडखळपलीकडच्या मिठागरात मीठ ओढले, डोक्यावरून वाहिले. परंतु दिवेलागणीनंतर त्याचे नाव कधी तोंडी घेतले नाही. सासूची तशी शिस्त होती. दिवा लागला की मिठाला ‘गोडं’ म्हणायचे. का, ते सासूने सांगितले नाही आणि सगुणाने विचारले नाही. ज्यावर पोट चालते त्याच्याविषयी बोलताना जीभ थोडी आवरावी, एवढे तिला त्यातून उमगले होते.

१९८८च्या फाल्गुनात तिची लेक शांती रोह्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात, मीठ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कायम झाली. घरातली ही पहिली पदवी आणि पहिली कायम नोकरी. शांतीने रोह्यात खोली घेतली होती. आईने मिठागर सोडून तिथे राहायला यावे, असा तिचा हट्ट होता. सगुणा हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. शिकलेल्या माणसांत वावरणाऱ्या लेकीला आपली लाज वाटेल का, एवढा एकच प्रश्न तिच्यापुढे होता. आणि तो विचारून सुटणारा नव्हता.

नोकरी कायम झाली म्हणून शांती तिला संध्याकाळी रोह्यातल्या हॉटेलात घेऊन गेली. शेजारच्या टेबलावर नेमके तिचे साहेब सहकुटुंब बसले होते. पाऊण तासाने ताटे आली. पनीरची भाजी साखर सांडल्यासारखी, वरण अळणी, भात गार. शांतीचा चेहरा उतरला.

“आये, कसं हाय?”

“गरम हाय.”

“खोटं नको बोलू गो.”

“मंग विचारतेस कशाला?” म्हणत सगुणाने वाढप्याला हाक मारली. “दादा, जरा गोडं आन.”

“आणतो, मावशी.” तो गेला आणि दोन गुलाबजाम घेऊन आला.

“ह्ये नाय रं! गोडं. वरनात घालाया.”

“वरणात गुलाबजाम?” वाढपी मोठ्याने म्हणाला. साहेबांच्या मुली फिसकन हसल्या. साहेबांनी वळून पाहिले. सगुणाने पदर सावरला आणि नजर ताटात घातली. विचारता न येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आता समोर येणार होते.

शांती उठली आणि साहेबांच्या टेबलापाशी गेली.

“साहेब, ही माझी आई. तुमच्याकडचं गोडं जरा देता?”

साहेब गोंधळले. तिने मिठाच्या डबीकडे बोट केले. “दिवा लागल्यावर आमच्यात याला गोडंच म्हणतात. आई तीस वर्षं हेच पिकवते.”

मुली हसायच्या थांबल्या. साहेबांनी स्वतः उठून डबी सगुणापुढे आणून ठेवली. दिवसभर काचेच्या नळ्यांत त्याच पदार्थाची परीक्षा करणारी ही मुलगी भर हॉटेलात त्याचे नाव टाळून बोलली होती, आणि तिचा आवाज जराही खाली गेला नव्हता.

जेवण काही त्याने सुधारले नाही. भात गार तो गारच राहिला. सगुणाने डबीतली चिमूट जिभेवर ठेवली.

“कसलं गो ह्ये! नुसती धूळ. खोलीवर पन ह्येच आनतेस?”

“दुकानात ह्येच मिलतं.”

“टाकून दे. बरनी धुऊन ठेव. हंगाम सरला का मी घेऊन येते.”

“ऱ्हायला?”

“मंग काय, बरनी भरून माघारी जाऊ?”

शांतीने एक गुलाबजाम तिच्या ताटात वाढला. तो मात्र चांगला निघाला.