भोपळा, नाडा आणि मायचं जुनं लुगडं

माझी नात परवा समुद्रावर जाऊन लाटांवर उभं राहायला शिकून आली. सर्फिंग म्हणतात त्याला. निघायच्या आधी ती मला सामान दाखवायला आली होती. उभं राहायची लांब फळी, ती पळून जाऊ नये म्हणून घोट्याला बांधायची दोरी, अंगाला चिकटून बसणारा रबरी पोशाख, आणि पाय घसरू नये म्हणून फळीवर घासायचं मेण. एकूण किंमत ऐकून मी म्हटलं, "अगं, एवढ्यात आमच्याकडे बैलजोडी यायची." ती म्हणाली, "आजी, नवशिक्याला एवढं लागतंच."

लागत असेल. मला काय लागलं होतं ते मी तिला सांगितलं, तर ती हसत सुटली. पण पाय घसरू नये म्हणून मेण, हे ऐकून मला मात्र हसू आलं नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुंभार पिंपळगावच्या बाजूला आमची थोडी जमीन आणि एक पायऱ्यांची विहीर. मी तेरा-चौदा वर्षांची असेन. गावातली पोरं उन्हाळाभर विहिरीत डुंबायची, पोरी काठावर कपडे धुवायच्या. पोरींनी पोहायचं असतं, असं कोणाच्या मनातही येत नसे. आलं ते माझ्या मायच्या.

आमच्याकडे बाई विहिरीत गेली, की तिचा पाय घसरलेला असायचा. घरचे तेवढंच सांगायचे आणि विचारणारा मान हलवून आपल्या वाटेला लागायचा. रोज पाणी भरणाऱ्या बाईचा पाय नेमका सासरी भांडण झाल्याच्या दिवशीच कसा घसरतो, हे विचारायची रीत नव्हती. मायची माहेरची एक मैत्रीण लग्नाला वर्ष व्हायच्या आत अशीच घसरली. दोघी एका जात्यावर दळायला बसायच्या. माय तिचं नाव कधी घ्यायची नाही. पण माझं शरीर भरू लागलं, पाहुणे चौकशी करू लागले, तेव्हा एका रात्री जेवताना ती बाबांना म्हणाली, "पोरीला पवायला शिकवा."

बाबांना वाटलं, चेष्टा करतेय. "कशापायी?"

"पाय घसरला, तर वर याया पाह्यजे."

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "बराबर हाय."

सामानाचा खर्च काही झाला नाही. परतूरला ट्रकची जुनी ट्यूब मिळते असं कोणीतरी सुचवलं, पण तिच्या किमतीत माझं शाळेचं सामान आलं असतं, म्हणून तो विचार तिथेच राहिला. कुंपणावर कडू भोपळ्याचा वेल होता. त्यातला वाळून खडखडीत झालेला एक बाबांनी निवडला, कानाशी हलवून बघितला. आत बिया वाजल्या. "शाळंत आणतीस त्यापरीस हा भोपळा चांगला," ते म्हणाले. गणितात मला तेव्हा भोपळेच मिळायचे. इंजिन बसवल्यापासून मोट बंद होती, तिचा जाड नाडा, म्हणजे मोट ओढायचा दोर, आढ्याला लटकून होता, तो खाली काढला. मायनं तिचं एक जुनं लुगडं फाडून दोन तुकडे केले आणि मला कासोटा घालायला शिकवलं, कारण परकर पाण्यात फुगतो आणि माणसाला उलटं करतो म्हणे. झालं सामान.

पाठीला भोपळा, कमरेला नाडा, नाड्याचं दुसरं टोक बाबांच्या हातात. पहिले काही दिवस मी पोहण्यापेक्षा जास्त रडलेच. बाबा पायरीवर उभे राहून ओरडायचे, "पाय मार, पाय. पानी खात न्हाई तुला." पाणी खात नव्हतं, मीच पाणी पीत होते. माय विहिरीकडे फिरकायची नाही. सकाळी भोपळा बांधून द्यायची आणि घरात वळायची. मी ओल्या केसांनी परतले, की माझ्या डोक्यावरून हात फिरवायची, जोरात, जणू केस नाही, मीच आहे की नाही ते बघतेय.

एके दिवशी बाबांनी नाडा सोडला. म्हणाले, आता काठावरून उडी मार. ते स्वतः खाली शेवटच्या पायरीवर थांबले. मी वर चढले, डोळे मिटले आणि मारली उडी.

नेमकी त्याच वेळी शेजारची काकू डोक्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन बांधावरून येत होती. तिला काठावर उभी असलेली मी दिसले आणि मग दिसले नाही. खालचे बाबा तिला कुठून दिसणार? भारा तिथेच टाकून ती वस्तीकडे पळत सुटली. "पोरीनं विहीर जवळ केली गं माय, पोरीनं विहीर जवळ केली."

मी पाण्यात मजेत पाय मारत होते. तोच वर एकेक डोकं उगवू लागलं. कोणी दोर आणला होता, कोणी माणूस वर काढायला बाज आणली होती. गर्दीतून वाट काढत माय आली. सकाळी मला भोपळा बांधून देणारी हीच. सगळं ठाऊक असलेली. पण ती हाक कानावर पडली आणि ठाऊक असलेलं सगळं तिच्या डोक्यातून पुसून गेलं. तिनं खाली बघितलंसुद्धा नाही. भाकरीच्या पिठानं भरलेले हात तसेच, तिनं उडी टाकली. पोहता एक हातभर येत नव्हतं तिला.

ती वर आली तेव्हा तिच्या हाताभोवतीचं पाणी पांढरं झालं होतं. तिनं मला गच्च धरलं आणि आम्ही दोघी खाली जाऊ लागलो. एका भोपळ्याला दोघींचा भार कुठला पेलायचा? बाबांनी झेप घेऊन तिच्या दंडाला धरलं आणि आम्हाला पायरीवर ओढलं. तिथेही ती मला सोडेना. "कोन बोललं तुला? कोन काय बोललं?" एवढंच विचारत राहिली. मी सांगत होते, "माय, मी पवून राह्यले, पवून राह्यले." तिला ते ऐकूच जात नव्हतं. कोणीतरी आपल्यासाठी इतकं बहिरं होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी मोठ्यानं रडले.

वर चुलते संतापले होते. पोरीची गावभर बोंब झाली, आता सोयरीक कशी जुळायची, हे खूळ बंद करा. काकू बिचारी ओशाळली. "मला काय म्हाईत? बाईमानसानं हिरीत उडी मारली म्हंजे..."  पुढचं उभ्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाया पदर तोंडाला लावून पाण्याकडे बघत राहिल्या.

मायनं ओलं लुगडं पिळलं. "तेच तर," ती म्हणाली. "उद्यापून मी येते नाडा धराया."

आणि ती आली. उरलेला उन्हाळाभर काठावर बसून तिनं नाडा धरला. मला नाड्याची गरज उरली नव्हती, पण मी तो मुकाट्यानं कमरेला बांधून घ्यायची. स्वतः मात्र ती पुन्हा पाण्यात उतरली नाही.

काही वर्षांनी माझं लग्न परतूरकडच्या घरात ठरलं. रुखवतात करंज्या होत्या, अनारसे होते, मी विणलेले रुमाल होते, आणि त्यांच्या मधोमध मायनं तो भोपळा ठेवला. नवऱ्याकडच्या बाया हसून लोटपोट. पोरीला तंबोरा वाजवता येतो की काय, असं एकीनं विचारलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

माय माझ्या सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली. विहिणीपुढे मुलीच्या आईनं मान वर करायची नाही असा तो काळ. पण तिचे शब्द स्वच्छ आले. "तुमच्या मळ्यात हिरी हाय म्हनं. आमच्या पोरीला पवता येतं. तिचा पाय घसरत न्हाई, आन् घसरला तर ती वर येती. म्हाईत असावं म्हनून ठुला."

हसणं थांबलं. मला वाटलं, आता वऱ्हाड इथूनच परत जातं. सासूबाईंनी भोपळा उचलला, कानाशी धरून हलवला. बिया वाजल्या. तो त्यांनी मांडीवर घेतला. मग आजूबाजूच्या बाया पांगल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "इहीनबाई, माझ्या वयाला जमंल का वो हे?"

माय त्यांच्या शेजारी खाली बसली. "जमतंय," ती म्हणाली. "नाडा तेवढा आपल्या मानसानं धराया पाह्यजे."

पुढच्या उन्हाळ्यात तो मी धरला.