डाव्या स्पीकरमधलं गाणं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. माझं सगळं आपल्याला माहीत आहे असं बायको म्हणते, आणि मी तिला म्हणू देतो. पण हे तिलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण – खरं सांगू? – तुम्ही मिलिंदला ओळखत नाही.

मिलिंद माझा मित्र. अमरावतीला कॉलेजात एका बाकावर बसायचो तेव्हापासूनचा. वीज मंडळाच्या नोकरीमुळे तो अकोल्यात गेला आणि तिथलाच झाला. मी अमरावतीत राहिलो, वडिलांसारखीच वकिली करत. महिन्यातून एखाद्या रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरतो आणि त्याच्याकडे जेवायला जातो. त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीत मी वाढायला होतो. इतकी जुनी, सरळ मैत्री. मग त्यात सांगण्यासारखं काय आहे?

आहे. एका गाण्याचं आहे.

माझ्या मामानं मुंबईहून एक कॅसेट आणली होती. परदेशातल्या एका जुन्या रॉक बँडचा, तो फुटण्याआधीचा शेवटचा अल्बम. हिंदी गाण्यांच्या कॅसेटी भरून देणारी दुकानं तेव्हा चौकाचौकात होती, पण हा अल्बम गावात कुणाकडे नव्हता. माझ्याकडे होता. त्यामुळे इंग्रजी गाण्यांतलं याला कळतं, असा समज झाला. मी तो होऊ दिला. शब्दसुद्धा मला अर्धेच कळायचे.

मिलिंदनं माझ्याकडून ती कॅसेट नेऊन स्वतःसाठी एक भरून घेतली. गिटार तो ऐकून ऐकूनच शिकला होता. घरात गाणं होतं – त्याचे वडील चौदा एप्रिलला, जयंतीच्या कार्यक्रमांत गायचे, दोन स्पीकरचा एक मोठा टेपरेकॉर्डरही त्यांचाच. त्यावर लावून लावून त्यानं त्या अल्बममधलं एक संथ गाणं बसवलं. बाकी कुणाला पत्ता नव्हता.

मग गॅदरिंग आलं. आमच्या ग्रुपनं त्यात म्हणायला तेच गाणं निवडलं होतं आणि ते पुढे विद्यापीठाच्या स्पर्धेला जाणार होतं. ड्रॉइंग हॉलमध्ये तालीम. मिलिंदनं गिटार घेतली आणि ते गाणं म्हटलं. एकटा. गडबड करणारी पोरं हळूहळू गप्प झाली. गाणी बसवून घेणाऱ्या सरांनी हातानंच खूण करून पंखा बंद करायला लावला – नीट ऐकू यावं म्हणून. तो पंखा थांबतानाचा आवाज मला अजून आठवतो.

माझं काय होतं त्या गाण्यात? कीबोर्ड. मूळ गाण्यात मागे व्हायोलिनांचा ताफा आहे, तो मी दिवाळीच्या सुट्टीभर घोटला होता. मिलिंदच्या गाण्यात व्हायोलिन नव्हतीच. म्हणजे मीही नव्हतो.

सरांनी मला विचारलं, कॅसेट तुझी आहे, तूच सांग, गाणं असंच आहे का?

मी म्हणालो, नाही सर. यानं अर्धं गाळलं. याला गाणंच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरचा स्टिरिओ सायकलला बांधून घेऊन गेलो आणि सगळ्यांसमोर ते गाणं लावलं. व्हायोलिननं हॉल भरून गेला, वर बायकांचा कोरस. सगळे मिलिंदकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "कावून बे, कान काय भाड्यानं देल्ले होते?" हशा झाला. मिलिंदही हसला. आपल्या टेपवर हे वाजतच नाही, असं काहीतरी तो सांगू लागला, मग मध्येच थांबला आणि म्हणाला, "असन बा. माह्याच कानात काही असन." गिटार त्यानं स्वतःच दुसऱ्याच्या हातात दिली. त्याचं नाव 'एककान्या' पडलं, ते कॉलेज संपेपर्यंत.

आमच्या गाण्याला बक्षीस मिळालं. फोटोत मी मधे आहे. मिलिंद नाही.

त्यानंतर तो वाजवायचा, पण कमी कमी. तारा जुळवताना शेजारच्याला विचारायचा – बरोबर हाये ना बे? आधी कधी विचारत नसे. मग ते विचारणंही थांबलं. गिटार चुलतभावाकडे गेली.

इथवर तुम्ही म्हणाल – कॉलेजातली स्पर्धा, पोरांची चेष्टा. होतं असं. माझ्याकडेच खरी कॅसेट होती, मी खरं तेच सांगितलं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण ते तसं नाही.

त्या तालमीच्या आधी एका दुपारी मी त्याच्या घरी गेलो होतो. तो गिला वडा आणायला बाहेर गेला, मी खोलीत एकटा, टेप चालू. तेच गाणं लागलं. गिटार, आवाज, बस्स. मी वाट बघत होतो, आता व्हायोलिन येतील. आली नाहीत. मी उजव्या स्पीकरला कान लावला. मुका. डाव्याला लावला, तर सगळं तिथूनच येत होतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं दोन बाजूंना वाटलेली असायची. व्हायोलिन आणि कोरस सगळा उजव्या बाजूला होता, आणि ती बाजू त्या घरात बंद होती. मला सगळं कळलं. आणखी एक कळलं – असं ऐकताना ते गाणं माझ्या गाण्यापेक्षा चांगलं होतं.

तो आला, आम्ही वडे खाल्ले. मी बोललो नाही. पुढे हॉलमध्ये सगळे हसत होते तेव्हा फक्त एक वाक्य पुरलं असतं – याच्या टेपचा एक स्पीकर गेलाय. मी तेव्हाही बोललो नाही. कीबोर्डसाठीच का? की त्याचं घर आणि आमचं घर, त्याचे वडील आणि माझे वडील, यातलंही काही माझ्या मनात होतं? नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

गेल्या वर्षी तो अल्बम नव्यानं निघाला. नंतर कुणीतरी वरून चढवलेली व्हायोलिन आणि कोरस काढून टाकून, बँडनं जेवढं वाजवलं होतं तेवढंच ठेवलेला. बातमी मी वाचली होती. मिलिंदला कळवली नाही. त्याचाच फोन आला. आवाज असा, जसा मुलगी झाली तेव्हा होता. "अबे, माह्या टेपवालं गाणं काढलं ना त्यायनं!"

त्या रविवारी गेलो. जेवण झाल्यावर त्यानं फोनवर ते गाणं लावलं. दोघंही ऐकत बसलो. संपल्यावर म्हणाला, तो टेप एका कार्यक्रमात बाबाच्या हातून पडला होता, तवाच एक स्पीकर गेला असन. आत्ता डोक्यात आलं. "म्हणजे मी बहिरा नव्हतो ना राज्या." हसता हसता त्यानं डोळे पुसले. मग सहजच माझ्याकडे बघितलं.

"तू तं घरी येऊन आयकलं होतं ना बे. तुले नव्हतं समजलं काय?"

कोर्टात मी साक्षीदाराला एवढंच सांगतो – हो किंवा नाही, एका शब्दात.

"नाई," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. कसं समजन म्हणा, म्हणाला, आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

त्यानं नवी गिटार घेतली आहे. मी गेलो की वाजवतो. बोटं जरा जड झालीत, पण गाणं तेच. आणि ते ऐकताना मला फार बरं वाटतं. हे लपवून काय करू? तो सुखात आहे, मीही आहे. आमच्या मधे तो 'नाई' बसलेला असतो, आणि त्यानं त्या सुखात काही उणं पडत नाही. हे मला कळत नाही, पण तसं आहे.

परवा गेलो तेव्हा अकोला तापलं होतं. मिलिंदनं तारा जुळवल्या. कुणाला विचारलं नाही. मग उठून, एवढ्या उन्हात, कूलर बंद केला – तुले नीट आयकू यावं म्हणून, असं म्हणाला – आणि वाजवू लागला. मी घाम पुसत ऐकत बसलो.