ताकदीचा काढा

मुलीला तिच्या आईची किडनी बसवली त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये येणारा प्रत्येक माणूस तिच्यासाठी ताकद घेऊन येत होता. कोणी डिंकाचे लाडू, कोणी च्यवनप्राश. आमच्या ओळीतल्या बारा घरांत मी सोडून सगळेच डॉक्टर झाले होते.

मुलगी सोळा वर्षांची. तोंडावर मास्क, गोळ्यांनी सुजलेले गाल. मैत्रिणींचं येणं कमी झालेलं. नागपूरच्या दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी अशा मुलांसाठी इंटरनेटवर एक ग्रुप उघडला होता. रोज संध्याकाळी ती कॉम्प्युटरसमोर बसे. मीही खातं उघडलं आणि पाणी किती प्यावं, एक घोट किती मिलिलिटरचा, यावर सविस्तर लिहिलं. एकच उत्तर आलं : "काका, हा ग्रुप अठराच्या आतल्यांचा आहे."

मग नागभीडहून माझी मोठी बहीण आली. तिला सगळे बाईच म्हणतात. बांधावरच्या कडुनिंबावरची गुळवेल तिने सोबत आणली होती. आल्या आल्या काढा उकळला.

"पी पोरी. रोगाशी लढाची ताकद येते यानं."

मुलगी माझ्याकडे बघू लागली. बाईला नाही म्हणणं आमच्या घरात आजवर कोणाला जमलेलं नव्हतं.

"जरा गार होऊ दे, बाई," मी म्हणालो.

तेवढ्यात मुलीने ग्रुपवर विचारलं. गडचांदूरच्या एका मुलीचं उत्तर तिने मोठ्याने वाचलं : "पागल झाली का? पिऊ नको! आपल्या गोळ्या ताकद कमी कराच्याच असतात. ताकद वाढली का ते आधी किडनीवरच धावते. डॉक्टरले विचार."

मी नागपूरला फोन लावला. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्यांना फक्त वेळ जास्त लागला.

"ताकद कमी कराची दवाई?" बाई बघतच राहिली. "हे कोणतं शिक्षण?"

"आत्या, किडनी माह्या घरी पाहुणी हाये," मुलगी म्हणाली. "घरचा कुत्रा तिले ओळखत नाई, म्हणून त्याले बांधून ठेवलं. अन् तू त्यालेच खाऊ घालून राह्यली."

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "पाहुणी काऊन? माही हाये ते!"

"तुही होती," बाई म्हणाली. "एकदा दिली का पाहुणीच. मी नाई का आता या घरची पाहुणी?"



काढा फेकणं बाईला मान्य नव्हतं. ग्लास माझ्यासमोर आला. "तुह्या आंगात तं कोणी पाहुणी नाई ना, भाऊ?"

तो आठवडाभर मी प्यायलो. कडू होता.

बाई आल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारीण लाडवांचा डबा घेऊन आली, तेव्हा बाई फाटकातच उभी होती.

"घरी घेऊन जा," ती म्हणाली. "आमच्या इथी ताकद चालत नाई."